चोराला विचारावंच लागतं

घरात तीन माणसं आणि कागद-पेन्सिल एवढं सामान जमवा. समजा ताई, दादा आणि धाकटा बंटी. ताई आणि दादाला एक असा आकडा ठरवायचाय, जो फक्त त्या दोघांनाच माहीत असेल. अट एकच. जे बोलायचं ते मोठ्याने, बंटीला ऐकू जाईल असं. कुजबुज नाही, डोळ्यांच्या खुणा नाहीत, आधीपासून ठरवलेलं काही नाही. बंटी प्रत्येक शब्द कागदावर उतरवून घेणार.

जमेल? कसं जमेल, बंटी सगळं ऐकतोय ना!

आता बघा. ताई जाहीर करते, "आपले उघडे आकडे २ आणि १३." बंटी लिहितो. मग ताई मनात ४ धरते आणि तो कुणालाही सांगत नाही. चार वेळा २ घेऊन गुणाकार करते: २ × २ × २ × २ म्हणजे १६. त्याला १३ ने भागलं की बाकी ३. ती ओरडून सांगते, "तीन!" दादाने मनात ५ धरलाय. पाच वेळा २ घेऊन गुणाकार ३२, १३ ने भागून बाकी ६. तो ओरडतो, "सहा!" बंटी तेही लिहून घेतो.

आता ताई दादाचा ६ उचलते आणि आपल्या मनातल्या ४ प्रमाणे चार वेळा गुणते: ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १२९६. १३ ने भागून बाकी? ९. दादा ताईचा ३ उचलतो आणि आपल्या ५ प्रमाणे पाच वेळा गुणतो: २४३. १३ ने भागून बाकी? तीही ९!

दोघांकडे एकच आकडा आला. तो आख्ख्या घरात कुणी उच्चारलेला नाही. बंटीच्या कागदावर २, १३, ३ आणि ६ आहेत, ९ कुठेच नाही. ताईला दादाच्या मनातला ५ माहीत नाही, दादाला ताईचा ४ माहीत नाही, तरीही दोघं एकाच जागी पोहोचले.

सातवी-आठवीतल्या मुलाला हे एकदा करून दाखवा आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. भागाकारातली बाकी इतक्या कामाची असते हे त्याला आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

चलाख बंटी म्हणेल, आकडे लहान आहेत, मी एकेक करून पाहीन आणि दहा मिनिटांत शोधून काढीन. बरोबर आहे त्याचं. म्हणून खऱ्या वापरात १३ च्या जागी सहाशेहून जास्त अंकांची संख्या घेतात. सहाशे म्हणजे संख्या सहाशे नव्हे हं, एकाच संख्येत सहाशेच्या वर अंक! तिथे एकेक करून पाहायला निघालेल्या बंटीला विश्वाचं आजवरचं वयही पुरणार नाही, आणि आजच्या संगणकांना वापरता येईल अशी जवळची वाट अजून कुणाला सापडलेली नाही.

ही युक्ती १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी जगासमोर मांडली. राल्फ मर्कल या तरुण विद्यार्थ्याच्या डोक्यातही त्याच सुमाराला याच अंगाने विचार चालले होते. गंमत अशी की ब्रिटनच्या गुप्तचर खात्यातल्या गणितज्ञांनी हे काही वर्षं आधीच शोधलं होतं, पण ते गुपित असल्यामुळे १९९७ पर्यंत जगाला कळलंच नाही. डिफी आणि हेलमन यांना पुढे २०१५ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आणि त्या कल्पनेची सुधारलेली रूपं आज कुठे आहेत? तुमच्या मुलीने फोनवर एखादं पान उघडलं की तिचा फोन आणि पलीकडचा संगणक नेमकं हेच करतात. पापणी लवायच्या आत दोघं जगासमोर ओरडून आकडे सांगतात आणि कुणालाही न कळलेला एक आकडा ठरवून बसतात. पुढचं सगळं बोलणं त्या आकड्याने कुलूपबंद होतं.

त्या बोलण्याची वाट तरी केवढी! तिचा संदेश घरातल्या राउटरमधून निघतो, रस्त्याकडेच्या केबलमधून धावतो आणि परदेशी जायचा असेल तर मुंबईत वर्सोव्यासारख्या ठिकाणी समुद्रात शिरतो. तिथून हजारो किलोमीटर काचेच्या केसाएवढ्या तंतूतून, सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर या वेगाने, प्रकाश होऊन जातो. वाटेत डझनभर यंत्रं तो हातात घेतात आणि पुढे देतात. त्यातल्या प्रत्येक यंत्राशी एकेक बंटी कान लावून बसला असला, तरी त्याच्या कागदावर निरर्थक खरडच उमटते.

इथे मुलांना एक प्रश्न विचारावा. तुम्ही चोर आहात, कुलूप फुटत नाही, मग काय कराल?

थोडा वेळ द्या, मुलं स्वतः सांगतात. "ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला गोड बोलून मागू!"

हेच. इंटरनेटवरच्या सुरक्षेचं मर्म मला यातच दिसतं. गणिताने वाट इतकी पक्की बांधली आहे की बहुतेक चोरांनी तिच्याशी झुंजणं सोडून दिलंय. ते विचारतात. ओटीपी विचारतात, पिन विचारतात, फोटो मागतात, शाळेचं नाव विचारतात. मुलाला पन्नास नियम पाठ करायला लावण्यापेक्षा ही एक गोष्ट समजावून दिली तर निम्म्याहून जास्त नियम ते स्वतःच तयार करतं.

मोठ्यांची पहिली प्रतिक्रिया मात्र फोन काढून घेण्याची असते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. गावाने एकत्र बसून ठरवलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण साडेआठ वाजले की फोन पुन्हा हातात येतो. तेव्हा त्या मुलाला काय माहीत असायला हवं, याचं उत्तर भोंग्याकडे नाही.

पहिली गोष्ट, कुलपाच्या चिन्हाबद्दल. काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी दिसणारं ते छोटं कुलूप वाटेबद्दल बोलतं: मध्ये कुणी ऐकत नाहीये. पलीकडे बसलेला माणूस भला आहे की लबाड, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. असं कुलूप लागण्यासाठी जे प्रमाणपत्र लागतं ते आज फुकट मिळतं, काही मिनिटांत, आणि चोरालाही मिळतं. खेळाच्या चॅटमध्ये "मी पण सातवीतच आहे, तुझी शाळा कोणती?" असं लिहिणारा चाळिशीतला माणूस असला, तरी त्याचं वाक्य तितकंच सुरक्षितपणे, तितकंच कुलूपबंद होऊन तुमच्या मुलापर्यंत येतं. मुलाला हे कळलं की ते स्वतःच विचारतं, "मग समोर कोण आहे ते कसं ओळखायचं?" प्रामाणिक उत्तर हे की नुसत्या पडद्यावरून ओळखता येत नाही. फोटो उसना असू शकतो, आवाजही आता यंत्र बनवून देतं. म्हणून ज्याला आपण प्रत्यक्ष ओळखत नाही त्याच्या वयावर, नावावर काही सोपवायचं नाही. आणि "हे आपल्यातच ठेव, आईला सांगू नकोस" असं कुणी म्हटलं की ते त्याच दिवशी आईला सांगायचं.

पण संकेतस्थळाचा मालक कोण, हे मात्र ओळखता येतं, आणि त्याची रीत फार सुंदर आहे.

एके काळी साऱ्या नेटवर्कवरच्या संगणकांची नावं एका यादीत मावत. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवा संगणक जोडायचा असेल तर त्यांना कळवायचं, मग त्या यादीत नाव चढवत. संगणक वाढत गेले तशी यादी हाताबाहेर जायला लागली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तोड काढली: यादी कुणा एकाकडे नकोच, नावं वाटून द्यायची. शेवटचा तुकडा एकाकडे, त्याच्या डावीकडचा तुकडा ज्याने घेतला त्याच्याकडे, त्याच्याही डावीकडे काय लावायचं ते त्या मालकाने ठरवायचं. त्यामुळे पत्ता आपण डावीकडून वाचतो, पण मालकी उजवीकडून सुरू होते!

देवनागरीतही आता पत्ते घेता येतात, २०१४ पासून शेवटी ‘.भारत’ लावून. तेव्हा मराठीतच पाहू. ‘बक्षीस.अमुकबँक.भारत’ आणि ‘अमुकबँक.बक्षीस.भारत’ हे दोन पत्ते मुलासमोर लिहा. कुठला बँकेचा? डावीकडून वाचणारा दुसऱ्याकडे बोट दाखवतो, कारण त्यात बँकेचं नाव आधी येतं. आता सुरुवातीला ‘https://’ असेल तर ते सोडून पहिल्या तिरप्या रेघेपाशी जा, आणि रेघ नसेल तर टोकाशी, आणि तिथून उलटं वाचा. पहिला पत्ता ‘अमुकबँक.भारत’च्या मालकाचा. दुसरा आहे ‘बक्षीस.भारत’ ज्याने विकत घेतलं त्याचा, आणि त्याला डावीकडे बँक, शाळा, पंतप्रधान, वाटेल ते लिहायची मोकळीक आहे. काही पत्त्यांत शेवटचे दोन तुकडे मिळून एक शेपूट होतं, जसं ‘जीओव्ही.इन’, ते सरकारी कार्यालयांनाच मिळतं. अशा वेळी त्याच्या डावीकडचा तुकडा पाहायचा. दहा वर्षांच्या मुलांना हा खेळ दिला तर ती मोठ्यांपेक्षा लवकर तरबेज होतात, आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर आलेले दुवे तपासत सुटतात. सुटू द्यावं.

आता पासवर्ड. मुलाने एका खेळात खातं उघडलं, पासवर्ड टाकला. तो त्या कंपनीकडे कुठे लिहून ठेवलेला असतो?

कंपनी आपलं काम नीट करत असेल तर कुठेच नाही! दुसऱ्या दिवशी मूल तोच पासवर्ड टाकतं, कंपनी त्याला ओळखते, आत घेते, आणि तरीही तिला तो पासवर्ड माहीत नसतो.

जात्यात गहू घातले की पीठ होतं, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. पासवर्डचंही असंच दळण होतं. तो आल्याबरोबर एका गणिती प्रक्रियेतून जातो आणि आकड्या-अक्षरांची एक माळ बाहेर पडते. कंपनी ठेवते ती ही माळ. पुढच्या वेळी मूल जे टाकेल ते पुन्हा दळायचं आणि नवी माळ जुनीशी जुळते का ते पाहायचं. अशा प्रक्रियांमधली एक प्रसिद्ध प्रक्रिया अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात तीन अक्षरांचा शब्द घाला किंवा आख्खी ज्ञानेश्वरी घाला, बाहेर पडणारी माळ ६४ चिन्हांचीच. ज्ञानेश्वरीतला एक अनुस्वार काढून पुन्हा घाला, सगळी माळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. शक्य माळांची संख्या ७८ अंकी आहे. आणि माळेवरून मूळ मजकुराकडे नेणारं सूत्र कुणाकडे नाही.

म्हणूनच ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर चांगलं संकेतस्थळ जुना पासवर्ड कळवत नाही, नवा ठेवायला सांगतं. त्याला जुना ठाऊकच नसतो. एखाद्याने तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा मेलने पाठवला, तर समजा की तो त्याने उघडा लिहून ठेवलाय. रॉकयू नावाच्या कंपनीने असंच केलं होतं. २००९ मध्ये तिच्याकडून ३ कोटींहून जास्त पासवर्ड उघड्या अक्षरांत चोरीला गेले. त्यात सगळ्यांत जास्त वेळा सापडलेला पासवर्ड कुठला असेल? ‘१२३४५६’.

आता मुलाला विचारा: "मी गेम कंपनीतून बोलतोय, खातं तपासायचंय, पासवर्ड सांग" असा निरोप आला तर तो कुणाचा? मूल लगेच म्हणतं, "खोटा! कंपनीला तो लागतच नाही." नियम न सांगता नियम आला.

मग चोर माळा पळवून काय करतो? तो उलट जाऊ शकत नाही, म्हणून सुलट येतो. शक्य ते सगळे शब्द दळून पाहतो आणि जुळणारी माळ शोधतो. केन थॉम्पसन आणि रॉबर्ट मॉरिस या दोन संशोधकांनी १९७९ मध्ये ३,२८९ पासवर्डांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ८६ टक्के सहज सापडण्याजोगे निघाले. १५ जणांचा पासवर्ड तर एका अक्षराचा होता! याला जोडून एक नवल सांगायलाच हवं. १९८८ मध्ये इंटरनेटवर पहिला मोठा उत्पात माजवणारा प्रोग्राम सुटला, तोही पासवर्ड ओळखून पाहणारा, आपल्यासोबत ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी बाळगणारा. तो लिहिणारा तरुण विद्यार्थी या मॉरिसांचाच मुलगा होता.

पासवर्ड किती लांब हवा, याचा हिशेब मुलांसोबत करायला मजा येते. इंग्रजी लहान लिपीतली ८ अक्षरं घेतली तर जुळण्या होतात २०,८८२ कोटी. ऐकायला केवढं! पण खेळांसाठी विकलं जाणारं एक तगडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दोन हजार कोटींच्या वर माळा दळतं. म्हणजे दहा-एक सेकंदांत खेळ खलास. आता दुसरा रस्ता. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये एक पद्धत सुचवली. सापशिडीचा फासा पाच वेळा टाकायचा. त्यातून ७,७७६ शक्यता तयार होतात, तेवढ्याच शब्दांची क्रमवार यादी घ्यायची आणि फाशाने दाखवलेला शब्द उचलायचा. असे पाच शब्द घेतले तर तेच कार्ड तेवढ्याच वेगाने साऱ्या जुळण्या दळायला सुमारे ४१ वर्षं घेईल. सहावा शब्द जोडा. आता? ३ लाख वर्षांहून जास्त!

एक शब्द वाढवला आणि माणसाच्या निम्म्या आयुष्याची तीन लाख वर्षं झाली. घरातला शब्दकोश डोळे मिटून सहा वेळा उघडला आणि बोट ठेवलं तरी असाच पासवर्ड तयार होतो: दगड, लोणचं, कावळा, इस्त्री, भोवरा, वीस. रोमन लिपीत लिहायचा, आणि पाठ करायला तर मुलांना आवडतोच, कारण त्या सहा शब्दांचं एक वेडंविद्रं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. हा मात्र आता छापला गेला, तेव्हा वेगळा घ्या. मनाने निवडू नका, शब्दकोशालाच निवडू द्या. मनाने निवडलं की आई, बाबा, गणपती, क्रिकेटपटू आणि जन्मसाल येतं, आणि चोराची यादी तिथूनच सुरू होते. चांगल्या कंपन्या आपल्या बाजूनेही एक अजब गोष्ट करतात. सगळं जग संगणक वेगवान करायच्या मागे असताना पासवर्ड दळणारी प्रक्रिया त्या मुद्दाम संथ ठेवतात, म्हणजे खऱ्या मुलाला एक क्षण थांबावं लागतं आणि अब्जावधी वेळा दळायला निघालेल्या चोराला वर्षानुवर्षं.

पैशांच्या बाबतीतही हीच रचना आहे. यूपीआयचा पिन फोनवरच कुलूपबंद होतो आणि खातं असलेल्या बँकेत तपासला जातो. ज्या अॅपमध्ये आपण तो दाबला त्या अॅपलाही तो वाचता येत नाही. पिन म्हणजे ‘माझ्या खात्यातून काढा’ असा हुकूम. खात्यात पैसे यायला कुणाचा हुकूम लागेल? आपला नक्कीच नाही. "बक्षीस पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन कर आणि पिन टाक" या वाक्यातली लबाडी हे समजलेल्या मुलाला आपोआप ऐकू येते.

इथवर गुपितं आपण जाणूनबुजून राखत होतो. फोटोची गोष्ट निराळी. तो आपण न विचारता बोलतो.

मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज एक छोटी नोंदवही असते. कॅमेरा कुठला, तारीख कोणती, वेळ सेकंदापर्यंत, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. दशांश चिन्हापुढचे चार आकडे मिळाले की जागा साधारण ११ मीटरच्या आत येते. ११ मीटर म्हणजे तुमची इमारत! २०१२ च्या डिसेंबरमध्ये जॉन मॅकॅफी, ज्यांच्या नावाचा अँटिव्हायरस कित्येकांच्या संगणकावर असायचा, बेलीझच्या पोलिसांना चुकवत लपले होते. त्यांच्यासोबत असलेल्या एका मासिकाच्या पत्रकारांनी त्यांचा फोटो प्रसिद्ध केला. वाचकांनी फाइल उघडून पाहिली तर आत अक्षांश-रेखांश बसलेले, ग्वाटेमालातले. काही दिवसांत ते तिथे ताब्यात होते. संगणकसुरक्षेवर ज्यांनी आयुष्य उभं केलं, त्यांचा ठावठिकाणा एका फोटोने सांगितला.

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही नोंद गळून पडते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. मुलांसोबत एक काम जरूर करावं: फोनमधल्याच एखाद्या फोटोचा तपशील उघडून नकाशावरचा तो ठिपका दाखवावा. कॅमेऱ्याचं लोकेशन मग ती स्वतः बंद करतात. नोंद नसली तरी चित्र बोलतच असतं. गणवेशावरचा बिल्ला, स्कूटरचा नंबर, मागच्या दुकानाची पाटी. घरातला एक फोटो समोर ठेवून "यावरून आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला काय काय कळेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मुलं जे जे शोधून काढतात ते पाहून मोठेच आपले जुने फोटो चाळायला लागतात.

आणि समजा, एवढं सगळं माहीत असूनही कुणीतरी गोड बोलून किंवा धमकावून मुलाकडून नको तो फोटो मिळवलाच. "पैसे पाठव, नाहीतर सगळ्यांना दाखवीन." घाबरलेल्या मुलाला त्या क्षणी वाटतं की आता काहीही होऊ शकत नाही. गेलेला फोटो गेला.

या लेखातलं मला सगळ्यांत थक्क करणारं यंत्र इथे आहे. पासवर्डच्या दळणात एक टिंब बदललं की सारं बदलतं. फोटोसाठी शास्त्रज्ञांनी नेमकं उलट हवं म्हणून ठरवलं: फोटो लहान-मोठा केला, थोडा पुसट केला, तरी ठसा जवळपास तोच राहिला पाहिजे. मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये फोटोडीएनए नावाची अशी पद्धत तयार केली. ती फोटो काळा-पांढरा करते, ठरावीक आकारात आणते, त्याच्यावर चौकटींची जाळी टाकते आणि प्रत्येक चौकटीत उजेड-अंधार कसा बदलतो त्याचे आकडे काढते. हे आकडे म्हणजे त्या फोटोचा ठसा. आकड्यांच्या त्या रांगेकडे पाहून आत काय चित्र आहे ते कुणाला दिसत नाही, पण तोच फोटो पुन्हा कुठे आला तर ठसा त्याला ओळखतो. मुलांच्या शोषणाचे फोटो कुणी वर चढवू पाहिले, की मोठमोठ्या कंपन्या ते अशाच ठशांवरून ओळखतात.

२०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने ही कल्पना थेट मुलांच्या हातात दिली. सेवेचं नाव ‘टेक इट डाऊन’. मूल त्या पानावर जाऊन आपल्या फोनमधला फोटो निवडतं. नाव विचारलं जात नाही. ठसा फोनमध्येच तयार होतो आणि बाहेर जातो तो फक्त ठसा. फोटो फोन सोडत नाही! केंद्रातल्या कुणीही तो पाहत नाही. ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे पोहोचतो आणि तो फोटो तिथे आला असेल किंवा कुणी चढवू पाहिला तर त्यांची यंत्रं त्याला पकडू शकतात. जे दाखवायची लाज वाटते ते कुणालाच न दाखवता ते काढून टाका असं सांगता येतं. ही सोय कुणीतरी घाबरलेल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून विचार केला असेल तेव्हाच सुचली असणार.

तिला मर्यादा आहेत. सहभागी नसलेल्या ठिकाणी ती पोहोचत नाही, कुलूपबंद खासगी संदेशांत डोकावू शकत नाही आणि फोटो फारच बदलला तर ठसा जुळेलच असं नाही. म्हणून तिच्याबरोबर माणसंही लागतात. भारतात मुलांसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३०, आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या शोषणाची तक्रार नाव न देताही करता येते. धमकीचे संदेश पुसायचे नाहीत, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवायचे. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणारा पुन्हा येतो. आणि घरातल्या मोठ्याने "तू पाठवलासच का?" हा प्रश्न त्या रात्री गिळून टाकायचा, "बरं झालं सांगितलंस, आता आपण दोघं मिळून बघू" एवढंच म्हणायचं. लहान मुलाकडून असा फोटो मिळवणं, जवळ ठेवणं किंवा पसरवणं हा आपल्या कायद्यात गुन्हा आहे, आणि तो मागणाऱ्याचा आहे.

‘टेक इट डाऊन’ची एक अट मात्र सगळ्यांना सांगून ठेवावी अशी आहे. फोटो काढला तेव्हा वय १८ च्या आत असलं की पुरे. आज ती मुलगी कॉलेजात असो, नोकरीला लागलेली असो की तिला स्वतःची मुलं असोत, पंधराव्या वर्षीचा तो फोटो अजून तिच्याकडे असेल तर त्याचा ठसा ती आजही पाठवू शकते.